पडणार हे धरूनच बांधलेलं!

27 जुलै 2022. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजत आले होते. मावशी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवत होती आणि फोन वाजला. "आई, मी ठीक आहे. आधी एवढं ऐक, मी ठीक आहे." बाकीचं नंतर. माझा मावसभाऊ फिलिपिन्समध्ये एमबीबीएस करतो, उत्तर लुझोनमध्ये. आपल्याकडची बरीच पोरं तिकडे मेडिकलला जातात, तसाच तोही गेला. त्या सकाळी तिकडच्या 8 वाजून 43 मिनिटांनी आब्रा प्रांतात 7 रिश्टरचा भूकंप झाला होता आणि हा हॉस्टेलच्या पायऱ्या उतरून अनवाणी रस्त्यावर उभा होता. दूध अर्थातच उतू गेलं.

दुपारपर्यंत एक क्लिप सगळीकडे फिरायला लागली. विटांचा एक जुना मनोरा, खाली फिरायला आलेले लोक, आणि अचानक वरून विटा कोसळायला लागतात. धूळ, किंचाळ्या, पळापळ. तो मनोरा म्हणजे बांतायचा घंटेचा मनोरा. 1591 चा. मी ती क्लिप दहा वेळा तरी बघितली असेल. खरं सांगायचं तर तोवर फिलिपिन्स म्हणजे माझ्यासाठी बीच, बॉक्सिंग आणि मिस युनिव्हर्स एवढंच होतं. चारशे वर्षं जुनं काही तिथे असेल असं डोक्यातच नव्हतं.

त्याच डिसेंबरात मावशीने 'मला पोराला डोळ्यांनी बघायचंय' म्हणून तिकीट काढलं आणि सोबत म्हणून मला नेलं. भावाच्या वर्गातली एक इलोकानो मुलगी आमच्याबरोबर फिरली. इलोकोस नोर्ते आणि इलोकोस सूर हे वायव्य किनाऱ्यावरचे दोन लांबट प्रांत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि डोंगरापलीकडे आब्रा. ऑक्टोबरात आब्राला 6.4 चा आणखी एक धक्का बसला होता, त्यामुळे मावशी प्रत्येक इमारतीत शिरताना आधी छताकडे बघायची.

पहिलं थांबलो ते सांता मारियाला. स्पॅनिशांच्या रिवाजाप्रमाणे चर्च गावच्या चौकात असतं, इथलं मात्र टेकडीवर आहे, भोवती तटबंदी. ऐंशीच्या वर दगडी पायऱ्या. "हे तर जेजुरीचं धाकटं भावंड," मावशी धापा टाकत म्हणाली. विटांच्या भिंती एकदम साध्या, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. 1896 च्या क्रांतीत ही जागा गढी म्हणून वापरली गेली. टेकडी बघितल्यावर यात काही नवल वाटत नाही.

पण मी अडकले ती पावायला.

पावायचं सान आगुस्तिन चर्च फोटोत जसं दिसतं तसं समोर दिसत नाही. फोटोत समोरची बाजू असते. खरी गोष्ट बाजूला आहे. दोन्ही लांब भिंतींना बाहेरून एकामागोमाग एक अवाढव्य दगडी टेकू दिलेत. वास्तुशास्त्रात याला 'बट्रेस' म्हणतात. एकेक टेकू दीड मीटरपेक्षा जाड, वर निमुळता होत जाणारा आणि बाजूने शंखासारखी वळणं घेतलेला. दगड प्रवाळाचा, म्हणजे समुद्रातून आलेला, त्यावर विटा. अनेकांना हे चर्च बघून जावामधल्या बोरोबुदूरची आठवण होते. मला मात्र पाय फाकवून, जमिनीला घट्ट धरून बसलेला एखादा पैलवान दिसला.

बसण्याची ही ढब मुद्दामच आहे. भूकंपात जमीन आडवी हलते, भिंती बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात आणि त्यांनी सोडलं की छप्पर खाली येतं. फिलिपिन्समध्ये आधीची लाकूड-गवताची चर्च आगीत जायची. मग दगडी बांधली तर ती भूकंपात पडायला लागली. त्यामुळे बांधणाऱ्यांनी युरोपातली उंच, सडपातळ चर्च विसरून इमारत बुटकी आणि रुंद केली, तिला टेकू दिले. आणि घंटेचा मनोरा चर्चला चिकटवलाच नाही, तो लांब नेऊन ठेवला. का? तर मनोरा पडला तर एकटा पडावा, चर्चवर नको. या शैलीला 'अर्थक्वेक बरोक' असं नाव आहे. मावशीला मी हे समजावून सांगत होते तर ती म्हणाली, "दीपमाळ नाही का, देवळापासून लांबच असते." कारण वेगळं असेल, पण पॉइंट कळला.

थोडक्यात, पडणार हे धरूनच बांधलंय. काम 1694 मध्ये सुरू झालं, 1710 मध्ये पूर्ण झालं, आणि मध्येच 1706 मध्ये भूकंपाने काही भाग गेलासुद्धा. 1927 मध्ये पुन्हा. तरीही उभंय. 1993 मध्ये युनेस्कोने फिलिपिन्समधली चार बरोक चर्च जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यात पावाय आणि सांता मारिया ही दोन्ही आहेत. (उरलेल्या दोनांपैकी एक मनिलात, दुसरं पनाय बेटावर मियागाओला.)

बाजूच्या टेकवांपैकी काहींना पायऱ्या आहेत, छपरापर्यंत जाणाऱ्या, डागडुजीसाठी. दर काही वर्षांनी कोणाला तरी वर चढावं लागणार, हेही तेव्हाच ठरलेलं!

आता हे 'कोणाला तरी' कोण? मावशीने अगदी सहज विचारलं, "बांधलं कोणी?" माहितीपत्रकात ऑगस्टिनियन पाद्र्यांची नावं असतात. सोबतची मैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, "आम्ही." स्पॅनिश राजवटीत 16 ते 60 वयाच्या पुरुषांना वर्षाला 40 दिवस सक्तीने काम करावं लागे. जहाजं, रस्ते, पूल आणि चर्च. आपल्या भाषेत वेठबिगार. पैसे भरून सुटका व्हायची, पण ते असणार कोणाकडे? 1884 मध्ये हे दिवस 15 वर आले. म्हणजे पावायचा प्रत्येक प्रवाळाचा दगड समुद्राकडून ज्यांनी वाहून आणला, चुन्यात उसाचा रस मिसळून ज्यांनी तो मळला, त्यांचं नाव कुठेच नाही. (उसाच्या रसाचं तिथे सगळेच सांगतात. आपल्या किल्ल्यांच्या चुन्यातल्या गुळाची गोष्ट ऐकलेल्या माणसाला ते लगेच पटतं.)

गंमत म्हणजे याच उसावरून पुढे बंड झालं. इलोकोसमध्ये उसाच्या रसाची 'बासी' नावाची दारू घरोघरी बनायची. सरकारने घरी बनवायला बंदी केली आणि दुकानातूनच विकत घ्यायला लावली. सप्टेंबर 1807 मध्ये पिद्दिग गावातून लोक उठले आणि दक्षिणेकडे निघाले. महिना संपायच्या आत त्यांना बांतावाय नदीवर चिरडलं गेलं. एस्तेबान विल्यानुएवा नावाच्या चित्रकाराने 1821 मध्ये या बंडाची 14 चित्रं काढली. चर्चच्या भिंतीवर येशूच्या क्रूसयात्रेचे टप्पेही 14 च असतात. चित्रांत आकाशात धूमकेतू आहे, तो त्या वर्षी खरंच दिसला होता. चित्रं विगनमध्ये जपली आहेत. आम्हाला बघायला मिळाली नाहीत, मोबाइलवरच पाहिली. शेवटच्या चित्रांमधल्या शिक्षा बघून मावशीने फोन परत दिला.

आणि पावायचाच मनोरा! स्पॅनिशांविरुद्धच्या क्रांतीत क्रांतिकारकांनी त्यावर चढून टेहळणी केली, दुसऱ्या महायुद्धात गनिमांनी. बांधून घेतला कोणी आणि कामाला आला कोणाच्या!

लावागला आम्ही तासभरच थांबलो. तिथला मनोरा चर्चपासून सुमारे 85 मीटर दूर आहे आणि स्वतःच्या वजनाने जमिनीत खचतोय. घोड्यावर बसून आत जाता यायचं असं सांगतात. आता दरवाजा इतका खाली गेलाय की वाकावं लागतं. रील बनवणाऱ्यांची मात्र तिथे रांग.

विगन वेगळंच. 1572 मध्ये वसवलेलं शहर, 1999 पासून तेही युनेस्कोच्या यादीत. दगडी रस्त्यावरून घोडागाड्या, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. भूकंपात जुन्या घरांचंही बरंच नुकसान झालं होतं. चौकात उभं राहून मैत्रिणीने गाब्रिएला सिलांगची गोष्ट सांगितली. 1763 मध्ये नवरा दिएगो मारला गेल्यावर बंड तिने पुढे चालवलं आणि त्याच सप्टेंबरात तिला विगनमध्ये फाशी दिलं. नाक्यावर केशरी रंगाचा एम्पानादा मिळतो. तांदळाच्या पिठाची पारी, आत अंडं, कच्ची पपई आणि सॉसेज, वरून उसाचा व्हिनेगर. मावशीने बिनसॉसेजचा मागितला. मिळाला!

डिसेंबर असल्यामुळे पहाटेची प्रार्थना चालू होती, सिंबांग गाबी. ख्रिसमसआधीच्या सलग नऊ पहाटे. एका लहानशा गावात आम्ही चार वाजता गेलो. कॉलेजची पोरं हुडी घालून, डोळे चोळत आलेली. बाहेर केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक, बिबिंका. "इतक्या पहाटे खरंच भक्ती म्हणून येता?" मी मैत्रिणीला विचारलं. ती हसली. "थोडी भक्ती, थोडी बिबिंका." मग जरा थांबून म्हणाली, "आजीची आजी इथेच यायची. राग येतो मला त्या इतिहासाचा. पण चर्च पडलं तर मी रडेन."

जुलैत ती खरंच रडली होती. डोंगरातल्या आब्राच्या तायुम गावातलं जुनं चर्च भूकंपात मोडलं, तेव्हा. आता ते नीट कसं करायचं यावर तिच्या घरी जेवताना वाद होतो. वडील म्हणतात, सिमेंट घाला, मजबूत होईल. तिचं म्हणणं, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि जुनी वीट आतून भुसभुशीत होते, चुनाच हवा. तिचं बरोबर आहे, जुन्या बांधकामाची दुरुस्ती करणारेही हेच सांगतात. कायदाही तिच्या बाजूने आहे. 2009 च्या वारसा कायद्यानुसार असा ठेवा मनाला येईल तसा बदलता येत नाही. पण चुन्याचं काम सावकाश चालतं, आणि वडिलांना पुढच्या ख्रिसमसला छप्पर हवंय. मला दोघांचंही पटलं.

शेवटच्या दिवशी बांताय. इलोकानोत बांताय म्हणजे डोंगर आणि टागालोगमध्ये पहारेकरी. दोन्ही लागू पडतं, कारण मनोरा टेकाडावर आहे आणि तो समुद्री चाच्यांवर नजर ठेवायलाही वापरायचे. आम्ही गेलो तेव्हा जवळ जायला बंदी होती. वरच्या भागातल्या विटा जिथून निखळल्या होत्या त्या जागा खालूनही दिसत होत्या, ओल्या जखमेसारख्या लाल. क्लिपमधली जागा मी लगेच ओळखली.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग भावाला म्हणाली, "तुझ्या हॉस्टेलला आहेत का रे असे टेकू?"

तो म्हणाला, "कॉलम आहेत, आई."

तिला ते फारसं पटलं नाही. आम्हाला फोटो काढायचा होता, तर ती आम्हाला दोरीपासून मागे, आणखी मागे ओढत राहिली. तो फोटो अजून माझ्या फोनवर आहे. आम्ही चौघं एकदम मोठे आणि मागे करंगळीएवढा मनोरा.