निसरडा बर्फ : पाय का घसरतो आणि भरपाई कोणी द्यायची?

डिसेंबर २००२ मधील गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळच्या डॅन्व्हर्स गावी, एका मोठ्या दुकानासमोरच्या वाहनतळावर एक गृहस्थ बर्फावरून घसरून पडले. वाहनतळावर पडलेले हिम बाजूला सारून दुभाजकावर त्याचा ढीग केलेला होता. ज्या तुकड्यावरून पाय घसरला तो फरशीला घट्ट चिकटलेला होता. तो एकतर ढिगावरून गडगडत आला असावा, किंवा ढीग वितळून वाहिलेले पाणी पुन्हा गोठून तयार झाला असावा. खालच्या न्यायालयाने सांगितले, दोन्हींपैकी काहीही असो, हा बर्फ ‘नैसर्गिक’ आहे. सबब मालक जबाबदार नाही.

या निकालाकडे पुन्हा येऊ. आधी बर्फाकडे पाहू.

बर्फ निसरडा का, असे वर्गात विचारले तर हुशार विद्यार्थी पुनर्हिमायनाचे उत्तर देतो : दाबामुळे बर्फाचा द्रवणांक खाली येतो, पायाखालचा बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून आपण घसरतो. उत्तर ऐकायला छान आहे. पण गणित करून पाहा. एका वातावरणाइतका दाब वाढला तर बर्फाचा द्रवणांक सुमारे ०.००७४ अंश सेल्सिअसने उतरतो. साठ किलो वजनाच्या माणसाचा सगळा भार एका पावलावर, म्हणजे साधारण १५० चौरस सेंटिमीटरवर आला, तर दाब होतो ०.४ वातावरण. द्रवणांक उतरला ०.००३ अंशाने! फक्त टाच टेकली आणि क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर धरले, तरी उतार ०.०४ अंशाच्या आसपासच. बाहेर उणे पाच अंश तापमान असेल तर एवढ्याने काय होणार? आणि तरीही माणसे उणे पाचला धडाधड पडतात.

खरे कारण बर्फाच्या पृष्ठभागातच आहे. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, ते त्याला जागेवर बांधून ठेवतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने कोणीच नसते. तो सैल असतो, आणि शून्य अंशाच्या खालीही त्या थरात पुष्कळ हालचाल चालू राहते. बर्फावर असा पातळ द्रवसदृश थर असावा, ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच मांडली होती. पुढे १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी घसरण्याच्या घर्षणातून निघणाऱ्या उष्णतेचाही वाटा असल्याचे दाखवले. तपशिलाबद्दल शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत, परंतु दाबाची भूमिका किरकोळ आहे, हे नक्की. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पोलादाची गोळी बर्फावरून सरकवली, तेव्हा घर्षण उणे सात अंशांच्या सुमारास सर्वांत कमी आढळले; उणे शंभर अंशांना मात्र बर्फ मुळीच निसरडा नव्हता. बुटाच्या रबरी तळाला शून्याच्या जवळचा, वर पाणी आलेला बर्फ सर्वांत घातक.

एक निरीक्षण वर्गात सहज करता येईल. बर्फाच्या कप्प्यातून नुकताच काढलेला तुकडा किंचित ओलसर बोटाला चिकटतो. दोनतीन मिनिटांनी तोच तुकडा हातातून निसटतो.

आता चालण्याकडे. पाऊल पुढे टाकतो तेव्हा पाय तिरका असतो, त्यामुळे टाच जमिनीला खाली दाबते आणि पुढेही ढकलते. टाच कमरेच्या ३० सेंटिमीटर पुढे पडली आणि कंबर ८५ सेंटिमीटर उंचीवर असली, तर या दोन बलांचे गुणोत्तर ढोबळमानाने ०.३५ येते. (गुडघा वाकतो, म्हणून प्रत्यक्षात साध्या चालीला ०.२ च्या आसपास घर्षणांक पुरतो.) ओल्या बर्फावर रबराचा घर्षणांक अनेकदा ०.१ च्याही खाली असतो. मग उपाय काय? पाऊल कमरेच्या आठच सेंटिमीटर पुढे टाका, गुणोत्तर ०.१ च्या खाली येते. थंड देशांत ‘पेंग्विनसारखे चाला’ असे सांगतात ते याचसाठी. हात खिशाबाहेर ठेवा, हे ओघाने आलेच. आपल्याकडे पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या उतरणारी म्हातारी माणसे हे न शिकताच करतात.

मिठाने बर्फाचा गोठणबिंदू उतरतो, पण त्याला मर्यादा आहे. मिठाचे पाणी उणे २१ अंशांखाली द्रव राहत नाही, आणि उणे दहाच्या पुढेच मिठाचा परिणाम मंदावतो. तेव्हा वाळू बरी. ती काहीच वितळवत नाही, नुसते घर्षण वाढवते.

दिवसा ढीग वितळावा, पाणी उतारावर यावे आणि रात्री त्याची पारदर्शक, डोळ्यांना न दिसणारी चकती व्हावी, हा क्रम हिवाळ्यात रोजचा. ढीग माणसाने केला, वितळवला उन्हाने. मग चकती नैसर्गिक की कृत्रिम? मॅसॅच्युसेट्सची न्यायालये १८८३ पासून हाच प्रश्न विचारत होती. माझ्या मते त्याला भौतिकशास्त्रात उत्तरच नाही. २६ जुलै २०१० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डॅन्व्हर्सच्या प्रकरणात हा भेद रद्द केला. आता एवढेच पाहायचे : जागेच्या मालकाने वाजवी काळजी घेतली का? तिथे वर्दळ किती, धोका केवढा, बर्फ काढायला खर्च किती, हे सारे त्यात येते. सगळीकडे असे नाही. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये जुना नियम टिकून आहे.

आपले कितीतरी माजी विद्यार्थी बॉस्टनकडे शिकायला किंवा नोकरीला जातात, आणि मागोमाग आईवडीलही जातात. म्हणून हे थोडे नीट सांगतो. पडले की पैसे मिळाले, असे नसते. मालकाची हयगय सिद्ध करावी लागते. भरपाईत उपचारांचा खर्च, बुडालेला पगार आणि सोसलेल्या वेदना धरतात. स्वतःची चूकही मोजली जाते : चूक तीस टक्के ठरली तर रक्कम तीस टक्क्यांनी कमी, आणि निम्म्याहून जास्त ठरली तर काहीच नाही. सार्वजनिक रस्त्यावर पडल्यास, रस्ता एरवी ठीक असेल, तर निव्वळ बर्फासाठी नगरपालिकेला जबाबदार धरता येत नाही. मालकाला तीस दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. दाव्याची मुदत तीन वर्षे.

मुख्य अडचण अशी की पुरावा वितळतो. दुपारी ऊन पडले की चकती गेली. म्हणून जागेवरच छायाचित्र घ्यायचे, पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवायची आणि त्या दिवशी पायात होते ते बूट धुऊन न टाकता तसेच ठेवायचे. आदल्या रात्रीचे तापमान हवामान खात्याच्या नोंदीत पुढेही सापडते.