क्यूचा चॉक: जुना बरा की नवा?

स्नूकर खेळणाऱ्यांत एक समजूत घट्ट रुतलेली आहे. क्यूच्या टोकाला लावायचा चॉक जितका जुना, तितका चांगला. वरणगावहून भुसावळला किंवा जळगावला खेळायला जाणाऱ्या पोरांनाही टेबलाशेजारचा मार्कर कधी ना कधी हेच ऐकवतो, "आता तो माल राहिला नाही, भाऊ." या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण चॉकच्या वयाशी त्याचा संबंध कमी आहे.

हा खडू फळ्यावरचा नव्हे

आपण चॉक म्हणतो खरं, पण या वडीत खडूचा अंश जवळपास नसतो. आधी मात्र खरोखरचा खडूच वापरत. तो हाताशी नसला तर क्यूचं टोक सरळ गिलाव्याच्या भिंतीत किंवा छतात फिरवायचं, अशीही रीत होती. जागेच्या मालकाला काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हे बदललं ते विल्यम स्पिंक्स या अमेरिकन बिलियर्ड्सपटूमुळे. फ्रान्समधून आलेला एक खडूसारखा तुकडा त्याला फार पसंत पडला. शिकागोचा रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स याने तो तपासला, तेव्हा तो ज्वालामुखीचा दगड निघाला. दोघांनी मिळून सिलिका, कुरुंदासारखी कठीण भुकटी, रंग आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ यांचं मिश्रण जमवलं आणि ९ मार्च १८९७ रोजी त्याचं पेटंट घेतलं. आजचे बहुतेक चॉक याच वाटेवरचे आहेत. (हीटरमध्ये लालबुंद होणारी नायक्रोमची तार जिथे आकाराला आली, ती प्रयोगशाळाही याच हॉस्किन्सची.)

त्याचं काम काय

टोकाचं चामडं, म्हणजे टिप, गुळगुळीत, चेंडू त्याहून गुळगुळीत. चॉकची कठीण भुकटी मधे आली की घर्षण वाढतं आणि टिप घसरत नाही. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. चॉक नीट लावलेला असेल तर मध्यबिंदूपासून साधारण १३ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, बाजूला मारता येतं. त्यापलीकडे गेलात की कुठल्याही चॉकने टिप घसरून मिसक्यू व्हायचाच. चॉकची कामगिरी म्हणजे या हद्दीपर्यंत बिनघोर जाऊ देणं. हद्दच पुढे सरकवणारा चॉक मिळाला, असं कोणी सांगत असेल तर त्याला टेबलावर करून दाखवायला सांगावं.

'जुना' म्हणजे नेमका कुठला

वादाचा घोळ इथे आहे. जाणकार जुन्या चॉकची तारीफ करतात तेव्हा त्यांच्या मनात अनेकदा मास्टर किंवा ट्रायँगल असतो. दोन्ही शिकागोच्या ट्वीटन कंपनीचे. पुढच्या काळात त्यांच्या डब्यांवर अमेरिकेचा झेंडा छापला जाऊ लागला, आणि झेंडा नसलेल्या आधीच्या डब्यांना शौकिनांमध्ये भाव आला. म्हणजे इथे तुलना 'जुनी वडी आणि नवी वडी' अशी नसून 'आधीचा माल आणि नंतरचा माल' अशी आहे. भुकटी किती बारीक, चिकट पदार्थ कोणता, यात कारखान्यात बदल झाला तर हाताला फरक जाणवू शकतो. पण तीच वडी कपाटात वीस वर्षं पडून राहिली म्हणून सुधारत नाही. सिलिका आणि कुरुंद मुरत नाहीत. ते काही लोणचं नाही.

आपल्याकडे या आदरात दुर्मिळतेचाही भाग आहे. स्नूकर तसं आपल्या बाजूचंच. भुसावळहून रावेर, खंडव्यावरून जी लाईन जबलपूरला जाते, त्या जबलपूरच्या छावणीत १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलेन या इंग्रज अधिकाऱ्याने हा खेळ जमवला, असं मानतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कुठल्याही खेळातले ते भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते. पण सामान विलायती, आणि परवान्यांच्या त्या जमान्यात विलायती वस्तू सहज हाती लागत नसत. जपून वापरलेल्या वस्तूची आठवण नेहमीच गोड होते. शिवाय जुन्यांतले भुसभुशीत, बिनकामाचे ठोकळे कधीच फेकले गेले. उरले ते चांगलेच.

आपल्याकडची हवा

वयापेक्षा साठवण महत्त्वाची. वरणगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडी ठक्क. अशा हवेत बंद डबीतला चॉक वर्षानुवर्षं ठीक राहतो. खरा शत्रू पावसाळा. दमट वडी टिपवर भुकटी न सोडता थरासारखी बसते, चिकटते आणि पहिल्याच जोरकस फटक्याला पोपडा होऊन पडते. वडीवर नख ओढून पाहा. कोरडी रवाळ भुकटी निघाली तर ती चांगली, मेणासारखी चकचकीत रेघ उठली तर ओल आहे. मुंबईच्या दमट हवेत राहिलेली जुनी डबी आणि खान्देशातली तितकीच जुनी डबी यांत म्हणूनच फरक पडतो.

किक: इथे नवा पुढे

पांढऱ्या चेंडूवर चिकटलेला चॉकचा कण नेमका दोन चेंडूंच्या स्पर्शाच्या जागी आला की चेंडू क्षणभर अडकतो, किंचित उडतो आणि दिशा सोडतो. याला किक म्हणतात. सोपा बॉल हुकतो आणि दोष नशिबाला जातो. गेल्या दशकात फिनलंडच्या ताओमसारखे चॉक आले ते मुख्यतः यावर उपाय म्हणून. ते चेंडूवर आणि कापडावर कमी खुणा सोडतात, आणि अनेक व्यावसायिक खेळाडू त्यांकडे वळले. किंमत मात्र जबर. त्या एका वडीच्या पैशात साध्या चॉकची डबी येते. माझं मत विचाराल तर पार्लरच्या मळक्या चेंडूंवर हा खर्च वाया आहे. आधी चेंडू पुसा.

स्वतः पारखायचं असेल तर

जुना आणि नवा, दोन्ही चॉक मित्राच्या हाती द्या. टिप बारीक घासपट्टीने थोडी खरखरीत करून घ्या, कारण चकाकी आलेल्या टिपवर कुठलाच चॉक टिकत नाही. प्रत्येक फटक्याआधी मित्राने तुमच्या नकळत कुठलाही एक लावावा, आणि तुम्ही एकाच जागेवरून तोच खोल स्क्रू, म्हणजे पांढरा मागे खेचणारा फटका, मारत राहायचं. पांढरा किती मागे आला आणि मिसक्यू कधी झाला, एवढंच त्याने टिपून ठेवायचं. लावण्याची पद्धतही तीच हवी: वडी गोल गोल कोरायची नाही, टिपवरून हलक्या हाताने झाडल्यासारखी फिरवायची. मधे खड्डा पडलेली वडी टिपच्या कडांनाच लागते, मधला भाग कोरडा राहतो, आणि शिव्या चॉक खातो.

जुन्या डबीतला एक खरा धोका

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या 'पीडियाट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात एक अभ्यास आला. रक्तात शिसं वाढलेल्या मुलांच्या निमित्ताने क्यूचे चॉक तपासले गेले आणि काही प्रकारांत शिशाचं प्रमाण फार जास्त निघालं. सगळे जुने चॉक तसे नसतात, पण नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. तेव्हा कुठल्या काळातली, कुठल्या कंपनीची, याचा पत्ता नसलेली डबी माळ्यावर सापडली तर ती लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि वडीवर फुंकर मारायची सवय असेल तर तीही सोडा.