पुरुषांचे समुपदेशन: वाट साध्या दवाखान्यातून जाते

विरार पूर्वेतील चंदनसार ही मुंबईला श्रम पुरवणाऱ्या वस्त्यांपैकी एक असून, येथील अनेक कमावत्या पुरुषांचा दिवस विरार स्थानकावरून सुटणाऱ्या लोकलच्या वेळांवर बेतलेला असतो. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे आहे. स्थानकापर्यंतची रिक्षा, डब्यातील गर्दी आणि परतीचा तेवढाच प्रवास हिशेबात धरला, तर नोकरीच्या तासांखेरीज दिवसाचे तीन-चार तास वाटेतच जातात. घराचा हप्ता किंवा भाडे, मुलांची फी, गावी पाठवायचे पैसे आणि कंत्राटी कामाची टांगती तलवार यांचा भार वाहणाऱ्या पुरुषाला मनातले बोलण्यासाठी वेळ मिळत नाही, जागा मिळत नाही आणि बोलण्याची परवानगी तर त्याने स्वतःच स्वतःला दिलेली नसते. अशा वस्तीत समुपदेशन म्हणजे नेमके काय असते आणि ते पुरुषापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचू शकते, याचा विचार येथे केला आहे.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक वेळ देऊन, गोपनीयता राखून, समोरच्याला त्याची अडचण त्याच्या शब्दांत मांडू देणे आणि तिच्यातून मार्ग शोधण्याची त्याचीच क्षमता वाढवणे, अशी ही प्रक्रिया आहे. मात्र तिच्यापर्यंत येण्याच्या वाटेवर कलंक उभा असतो, म्हणजे आजारामुळे माणसाची किंमत कमी झाली असे समाजाने मानणे आणि कालांतराने त्या माणसानेही ते खरे धरणे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले; मुंबईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा आजही सहज मारला जातो आणि मनोविकारतज्ज्ञाला ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हटले जाते. त्यात ‘बाईसारखा रडतोस काय’ हे लहानपणापासूनचे शिक्षण मिसळले की, दुःख सांगणे म्हणजे पुरुषपणातून उतरणे, असे समीकरण पक्के होते. मुलीचे लग्न अडेल, मुकादमाला कळले तर काम जाईल, ही भीती त्यावर शेवटचे कुलूप घालते.

या मौनाची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी दर शंभरांत सुमारे ७२ पुरुष होते आणि एकूण नोंदींत रोजंदारीवरील कामगारांचा वाटा सुमारे २६ टक्के होता. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ नोंदी महाराष्ट्रात झाल्या. आत्महत्येला एकच एक कारण क्वचित असते हे खरे असले, तरी मदत मागण्याची सवय नसणे ही त्या कारणांमधील बदलता येण्याजोगी बाब आहे.

पुरुष दवाखान्यात जातच नाही असे नाही. तो मनाची तक्रार घेऊन जात नाही, इतकेच. झोप लागत नाही, पित्त होते, छातीत धडधडते, डोके जड होते, कंबर धरते, अशा शब्दांत तो बोलतो, आणि गोळ्या घेऊन परततो. रात्रीची ‘क्वार्टर’ ही तर त्याच्या लेखी तक्रारच नसते. ती झोपेचे औषध, मित्रांची संगत आणि दिवसभराच्या अपमानावरचा उतारा असे सारे काही असते. म्हणून पुरुषांसाठीच्या समुपदेशनाची सुरुवात मनोविकारांची पाटी लावलेल्या खोलीत न होता साध्या बाह्यरुग्ण विभागात व्हावी लागते.

या विचाराची कसोटी शेजारच्या गोव्यात लागली आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या १८ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांना मद्यपानाविषयी दहा प्रश्न विचारले. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ही ‘ऑडिट’ प्रश्नावली ० ते ४० असे गुण देते; त्यांत १२ ते १९ गुण मिळालेल्यांपैकी, म्हणजे ज्यांचे पिणे हानिकारक पातळीला पोहोचले होते पण पूर्ण अवलंबित्वाच्या टप्प्यावर गेले नव्हते त्यांच्यापैकी, एका गटाला जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन देण्यात आले. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, तर या कामासाठी खास प्रशिक्षित केलेले स्थानिक लोक होते. याच प्रकल्पातील नैराश्यावरील चाचणीत सहभागी झालेल्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे: स्त्रीचे दुःख उदासीनतेच्या रूपाने नोंदले जाते, पुरुषाचे दुःख अनेकदा बाटलीआड राहते.

या बैठकांचे कामकाज बारकाईने पाहण्यासारखे आहे. समुपदेशक आधी माहिती जमवतो: किती वेळा, किती प्रमाणात, कोणाबरोबर, पगाराच्या दिवशी किती, प्याल्यानंतर आठवत नाही असे कधी झाले का, घरच्यांनी कमी करा असे सांगितले का. ती माहिती तो निवाडा न करता पुन्हा त्याच पुरुषासमोर ठेवतो. येथे वापरली जाणारी पद्धत मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणून ओळखली जाते, जिच्यात समुपदेशक वाद घालत नाही, धाक दाखवत नाही, तर पिण्याने काय मिळते आणि काय जाते हे त्या माणसाच्याच तोंडून वदवून घेतो. कारण दुसऱ्याने सांगितलेले कारण तो खोडून काढतो, स्वतः उच्चारलेले कारण मात्र त्याच्याजवळ राहते. पुढील टप्प्यात कौशल्ये येतात: मित्राने ग्लास पुढे केला तर नकार कोणत्या शब्दांत द्यायचा याचा सराव, राग आणि उदासी हाताळण्याचे उपाय, अडचणीचे तुकडे करून एकेक सोडवण्याची रीत. शेवटी, पुन्हा घसरण झाली तर ती हार न मानता सावरायचे कसे, याची तयारी करून घेतली जाते. बैठकांच्या ध्वनिमुद्रणांवर समुपदेशक परस्परांच्या कामाचे गुणांकन करतात, त्यामुळे साध्या माणसांकडून झालेल्या या कामाचा दर्जा टिकून राहतो.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के होते, मागील चौदा दिवस मद्याला न शिवलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. घरातील हिंसेत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण व्यसन सुटले म्हणजे पुरुषपणाविषयीच्या समजुती आपोआप बदलतात असे नाही. त्या समजुतींवर थेट काम करणारी ‘मावा’ ही संघटना मुंबईत १९९३ पासून हरीश सदानी आणि सहकारी चालवत आहेत. तिच्या ‘पुरुष स्पंदनं’ या दिवाळी अंकाने पुरुषांना मराठीत मन मोकळे करण्याची जागा दिली. पुरुषाचे दुःख ऐकणे आणि त्याच्याकडून होणाऱ्या अन्यायाची जबाबदारी त्याला घ्यायला लावणे, ही दोन्ही कामे एकाच समुपदेशनाची अंगे आहेत.

चंदनसारसारख्या वस्तीला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळी येथील पुरुष गाडीत असतो, म्हणून समुपदेशनाची वेळ संध्याकाळची आणि रविवारची हवी. राज्यात १ मे २०२३ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारी २ ते रात्री १० ही वेळ ठरवताना हाच विचार होता. दारावर ‘मनोविकार’ न लिहिता नेहमीच्या तपासणीतच झोप, चिंता आणि मद्य यांविषयी दोन-चार प्रश्न विचारले जावेत, आणि आत्महत्येच्या विचारांविषयी स्पष्ट विचारण्यास कचरू नये, कारण विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. ज्यांना औषधांची किंवा विशेष उपचारांची गरज असेल, त्यांना तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय त्याच ठिकाणी असावी. माहिती गोपनीय राहण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने दिला आहे, हेही प्रत्येकाला आरंभीच सांगितले जावे.

महापालिका, डॉक्टर आणि वस्तीतील मंडळांनी हे काम हाती घेईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. १४४१६ हा केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून, तेथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. ज्या पुरुषाला झोप येत नाही त्याने तो फिरवावा, आणि ज्याच्या घरात किंवा डब्यातील नेहमीच्या घोळक्यात असा पुरुष आहे, त्याने ‘खंबीर हो’ असे सांगण्याऐवजी आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.