एस्टोनियन लोकश्रद्धांतील प्राणिरूप

एस्टोनियन लोकश्रद्धांतील प्राणिरूप : बाल्टिक समुद्रकाठच्या एस्टोनियातील कृषक समाजात मानवी आत्मा, प्राणी व जादूटोणा यांच्या संबंधांविषयी रूढ असलेल्या समजुती. प्रत्येक व्यक्तीस तिचा पाठीराखा असा एक प्राणी असतो, ही आज लोकप्रिय असलेली कल्पना या परंपरेत मध्यवर्ती नव्हती. तेथे प्राणिरूप हे आत्म्याचे तात्पुरते रूप, भीतीचा विषय किंवा आरोपाचे कारण होते.

निद्रिस्त माणसाचा आत्मा माशी, भुंगा अथवा फुलपाखरू होऊन तोंडावाटे बाहेर पडतो; त्या वेळी देह हलविल्यास त्यास परतीची वाट सापडत नाही, असे मानीत. लांडग्याचे नाव घेतल्यास तो येतो, या भीतीने त्यास ‘रानातले पिल्लू’, ‘करड्या कोटाचा माणूस’ अशी पर्यायी नावे देत. लांडगे ही संत जॉर्जची कुत्री होत, अशीही श्रद्धा होती.

लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसास ‘लिबाहुंट’ म्हणत. सतराव्या शतकात ही समजूत न्यायालयात पोहोचली. इदावेरे येथे १६५१ मध्ये हान्स या अठरा वर्षांच्या तरुणाने आपण दोन वर्षे लांडगा होऊन शिकार केल्याचे व हे रूप एका काळ्या वेषातील पुरुषाने दिल्याचे सांगितले. न्यायाधीशांनी त्या पुरुषास सैतान ठरविले. अशा रीतीने लोकसमजुतीवर सैतानाशी केलेल्या कराराची धर्मशास्त्रीय कल्पना लादली गेली व ती प्राणघातक ठरली.

याकोब हुर्त (१८३९–१९०७) यांनी १८८८ मध्ये केलेल्या आवाहनामुळे खेडोपाडीचे लोकसाहित्य विपुल प्रमाणात संकलित झाले. तार्तू येथे १९२७ मध्ये लोकसाहित्य अभिलेखागार स्थापन झाले. आउगुस्ट किट्सबेर्ग यांच्या लिबाहुंट (१९१२) या नाटकात परक्या मुलीला समाजाबाहेर घालविण्यास हाच आरोप पुरेसा ठरतो. आंद्रुस किविरेहक यांच्या २००७ मधील कादंबरीत सर्पभाषा जाणणारा अखेरचा माणूस नायक आहे. २०१८ मध्ये लांडगा एस्टोनियाचा राष्ट्रीय प्राणी म्हणून निवडला गेला.

व्यक्तिगत ‘शक्तिप्राण्या’ची कल्पना मात्र मुख्यतः अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांच्या १९८० मधील ग्रंथामुळे व त्यातून वाढलेल्या नवशामानपंथामुळे पाश्चात्त्य देशांत पसरली. तिलाच प्राचीन एस्टोनियन वारसा मानल्यास, ज्यांना लांडगा ठरवून शिक्षा झाली त्यांचा इतिहास झाकला जातो.