मदरबोर्ड बदलण्यापूर्वी व्यापाऱ्याने काय पाहावे?

"चाचा, मदरबोर्ड गेला." संगणक दुरुस्तीला आलेला मुलगा पाच मिनिटांत हे वाक्य बोलतो आणि दुकानदार मान डोलावतो. बोर्ड खरोखर गेला की नाही, नवा बसवताना आपल्या हिशेबाचे काय होणार, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. ठाणातला एक चुकीचा धागा बोटाने ओळखणारा आपला माणूस येथे मात्र डोळे झाकून पैसे मोजतो. वास्तविक हे काम एवढे गूढ नाही. स्वतः हात लावायचा नसेल तरी समोर बसून काय पाहायचे एवढे तरी माहीत असावे. बोर्डाची किंमत काही हजार रुपये. पण त्या पेटीतील उधारीची खाती, मालाचा साठा आणि जीएसटीची बिले गेली तर ती बाजारात विकत मिळत नाहीत.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतील मोठी छापील पाटी. प्रोसेसर, रॅम, डिस्क, पंखा, कीबोर्ड हे सर्व तिलाच जोडलेले असते. मागाच्या सांगाड्यासारखेच हे आहे. सांगाडा स्वतः कापड विणत नाही, पण तो वाकडा असेल तर चांगले सूत घालूनही उपयोग होत नाही.

खरोखर गेला आहे का?

पहिली गोष्ट हीच तपासावी. संगणक सुरूच होत नसेल तर दुसरा चालू एसएमपीएस लावून पाहावा. विजेच्या चढउतारात बोर्डाच्या आधी पुष्कळदा तोच जातो. पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, असे असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवाव्यात. यंत्रमागाच्या गावात कापसाचा तंतू हवेत सारखा असतो, तो रॅमच्या खाचेतही जातो, म्हणून हा साधा इलाज आपल्याकडे जास्त लागू पडतो. तारीख रोज मागे जात असेल तर बोर्डावरील नाण्यासारखा सेल संपला आहे. सीआर २०३२ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की बिलावर भलतेच वर्ष पडते. इतकेच नव्हे, तर जीएसटीचे पोर्टलही उघडत नाही, कारण सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तारखेशी ताडून पाहिले जाते. एवढ्यावरून "इंटरनेट खराब, बोर्ड बदला" असे सांगणारेही भेटतात. हे सर्व करूनही काही हालचाल नसेल, किंवा बोर्डावरील कपॅसिटर फुगलेले वा जळलेले दिसत असतील, तरच नव्या बोर्डाची गोष्ट काढावी.

खरेदी

नेहरू प्लेस असो की लॅमिंग्टन रोड, दुकानात गेल्यावर आधी आपला प्रोसेसर कोणता हे सांगावे लागते. प्रोसेसर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि ते जुळले पाहिजे. नाव जुळले म्हणजेही काम झाले असे नाही. इंटेलचे एलजीए ११५१ हे सॉकेट सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंत त्याच नावाने चालले, पण आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर तो बसेल, चालणार मात्र नाही. म्हणून सॉकेट, चिपसेट आणि रॅमची जात या तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्याव्यात. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही. खाचेची जागाच वेगळी असते, तिथे जोर लावू नये.

स्वस्त म्हणून एच ६१ चिपसेटचे बोर्ड घेण्याचा मोह अनेकांना होतो. हा चिपसेट २०११ चा आहे. त्यावर इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर चालतात. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि रिटर्न भरले जातात त्याला आता जुना बोर्ड बसवणे म्हणजे गोदामाला नवे दार करून कडी न लावणे होय. अशा वेळी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा पूर्ण संच बदललेला बरा.

काम सुरू होण्याआधी

सर्वांत मोठे नुकसान येथे होते आणि ते स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वीच ठरलेले असते. डिस्कवरील हिशेबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून ती उघडून पाहावी. नुसती काढली असे समजू नये. संगणक अजिबात सुरू होत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावून हे करता येते. बोर्ड मेला म्हणून डिस्क मरत नाही.

त्यानंतर तीन कुलपे आहेत. पहिले बिटलॉकरचे. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलवर डिस्कला हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागते आणि मालकाला पत्ताही नसतो. त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएममध्ये असते. बोर्ड बदलला की संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर आतला मजकूर कोणालाही वाचता येत नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खाते कोणाच्या ईमेलवर उघडले, मुलाच्या, भाच्याच्या की नोकरी सोडून गेलेल्या मुनीमाच्या, हे आजच शोधून ती कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. दुसरे कुलूप विंडोजच्या परवान्याचे. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो, स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना दुसरीकडे नेता येतो. तिसरे टॅलीचे. तिचा परवानाही त्या संगणकाशी जोडलेला असतो, म्हणून संगणक चालू असतानाच तो सरेंडर करावा आणि नव्या बोर्डावर पुन्हा सुरू करून घ्यावा. संगणक आधीच बंद पडला असेल तर काय करायचे हे टॅलीच्या विक्रेत्याला अगोदर विचारावे, ईदच्या गर्दीत काउंटरवर गिऱ्हाईक उभे असताना नव्हे.

बसवणे

पॉलिस्टरचे ठाण उलगडताना हाताला चटका बसतो तो आपल्या धंद्यात कोणाला ठाऊक नाही? तीच स्थिर वीज चिपला मारते, आणि आपल्याला जाणवणार नाही इतकी कमी असली तरी मारते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तर जास्तच. सुती कपडे घालावेत, लाकडी मेजावर काम करावे, बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि मधूनमधून पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. ज्या चकचकीत पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर ठेवून तो चालू करू नये. ती पिशवी वीज वाहू शकते.

प्रोसेसर बसवताना समोर उभे राहून पाहावे. इंटेलच्या बोर्डात, आणि एएमडीच्या २०२२ पासूनच्या एएम ५ मध्येही, केसासारख्या बारीक पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. एएमडीच्या जुन्या एएम ४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. दोन्हीकडे नियम एकच. कोपऱ्यातील लहान त्रिकोण जुळवायचा आणि प्रोसेसर अलगद सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, बोटाने दाबायचा नसतो. मग दांडी खाली घ्यायची. सॉकेटवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण फेकू देऊ नये. वॉरंटीत बोर्ड परत करताना ते लावूनच द्यावे लागते, आणि वाकलेली पिन दिसली की वॉरंटी संपली.

पंख्याखालील पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. नव्या पंख्याला ती आधीच लावलेली असेल तर वरून आणखी लावू नये. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावावी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि खाचा चार, तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. तसे केले तरच दोन्ही जोडीने काम करतात. कट असा आवाज येईपर्यंत त्या सरळ दाबायच्या.

आता बोर्ड पेटीत घालण्याची घाई करू नये. खोक्यावरच एसएमपीएस आणि मॉनिटर जोडून चालू करून पाहावा. दोष असेल तर येथेच कळतो. पडदा काळा राहिला तरी लगेच बोर्डाला दोष देऊ नये. डीडीआर ५ रॅम पहिल्या वेळी स्वतःची जुळवणी करते आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. दुसरे असे की, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यात ग्राफिक्स नसते. त्याला वेगळे कार्ड न लावता मॉनिटरची वायर बोर्डात घातली तर पडदा काळाच राहणार. या एका अक्षरापायी चांगले बोर्ड परत गेलेले आहेत.

पेटीत बोर्ड पितळी खुंट्यांवर बसतो. बोर्डाला जेथे भोक तेथेच खुंटी हवी. जुन्या बोर्डाची एखादी खुंटी भलत्या जागी राहिली तर ती खालून टेकते आणि शॉर्ट होतो. म्हणून मागची चौकोनी पत्र्याची पट्टी आधी बसवून, मग खुंट्या मोजून, मग बोर्ड ठेवावा. २४ पिनांचा मोठा प्लग आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा प्लग, दोन्ही लागतात. दुसरा विसरला तर पंखे फिरतात आणि पुढे काही होत नाही. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग तसाच दिसतो, पण तो तेथला नव्हे.

बायोस

चालू करताच डिलीट किंवा एफ २ दाबले की बायोस उघडते. तारीख-वेळ नीट करावी. विंडोज ११ साठी टीपीएम चालू करावे. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने असते. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा की नाही, याची सोयही येथेच आहे. ती बंद ठेवावी, कारण भारनियमनानंतर वीज परत येते तो क्षणच घातक असतो.

जुनीच डिस्क वापरायची असेल तर जुन्या बोर्डावरची पद्धत येथेही जुळली पाहिजे. डिस्क एएचसीआय पद्धतीने चालत होती आणि नव्या बोर्डावर रेड लागले असेल, किंवा डिस्क जुन्या लेगसी पद्धतीची आणि बोर्ड यूईएफआयवर असेल, तर निळा पडदा येतो किंवा डिस्क सापडत नाही असे लिहून येते. नेमके येथेच मुलगा म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आमच्या बाजारातील एका पेढीवर दोन वर्षांची उधारी अशीच पुसली गेली, आणि नंतर ती गिऱ्हाइकांच्या इमानावर वसूल करावी लागली. बायोसमधला तो एक पर्याय पूर्वीसारखा करून पाहायला दोन मिनिटे लागतात. फॉरमॅट अटळच असेल तर तो नव्या डिस्कवर करावा आणि जुनी डिस्क महिनाभर कपाटात तशीच ठेवावी.

बायोस अपडेट गरज असेल तरच करावे, आणि यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर नवा बोर्डही निकामी होऊ शकतो. अर्थिंगचेही पाहावे. जुन्या इमारतींत सॉकेटचे तिसरे भोक नुसते नावाला असते, मागे तार नसतेच. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घेण्याचा खर्च बोर्डाच्या मानाने किरकोळ आहे.

बिल पक्के घ्यावे. त्यावर बोर्डाचा अनुक्रमांक आणि आपला जीएसटी क्रमांक दोन्ही हवेत. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि धंद्यासाठी घेतलेल्या मालावर त्याचे क्रेडिट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मात्र ते मिळत नाही. कच्च्या पावतीवर दुकानदार दोनशे-तीनशे कमी करील, पण बोर्ड आठ महिन्यांनी बंद पडला तर ती पावती कोणीही ओळखणार नाही. खोके, झाकण आणि बिल एकाच पिशवीत बांधून माळ्यावर टाकावे.