मुका पहारेकरी

जिंतूर तालुक्यात येलदरीला पूर्णेच्या पाण्यावर चालणारे वीजघर आहे. पाण्याने जनित्र फिरते. पण नुसत्या फिरण्याने वीज होत नाही. फिरत्या भागाच्या वेटोळ्यांत एकदिश प्रवाह सोडून त्याचे चुंबक करावे लागते. हा प्रवाह तुटला, तर काय होते?

पाणी चाकाला रेटीतच राहते. जनित्र आपले चुंबकत्व वीजजाळ्यातून उसने घेऊ लागते, जाळ्याच्या तालातून सुटते. ते तापते आणि भोवतालचा विद्युतदाब घसरतो. घात असा की, मेगावॉटचा काटा सुरुवातीला जागचा फारसा हालत नाही. केवळ त्याकडे पाहणाऱ्या कामगाराला संकट उमगावे कसे?

त्यासाठी रिले असतो. १९४९ साली अमेरिकेत मेसन यांनी मांडलेल्या पद्धतीत तो जनित्राचा दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण व त्यांमधील कोन सतत ताडून पाहतो. ते नेमून दिलेल्या मर्यादेत शिरले, की हा क्षणिक हेलकावा नव्हे एवढे पाहण्यापुरता थांबतो आणि जनित्र जाळ्यापासून तोडतो.

हा पहारेकरी वर्षानुवर्षे मुका उभा असतो. तो जागा आहे की नाही, हे परीक्षा घेतल्यावाचून कळत नाही. म्हणून आम्ही कामगार म्हणतो, परीक्षा घेणारे हात कमी करणे ही काटकसर नव्हे.