कला आणि उदरनिर्वाह

बालनटाचा पुढें थोर गवई कसा झाला, हें पंडित वसंतराव देशपांडे यांच्या चरित्रावरून समजून घ्यावें. त्यांचा जन्म १९२० सालीं वऱ्हाडांत मूर्तिजापूर येथें झाला. आईनें एकटीनें कष्ट सोसून त्यांस वाढविलें. १९३५ सालच्या ‘कालिया मर्दन’ या बोलपटांत त्यांनीं कृष्णाची भूमिका केली. गानविद्या त्यांनीं नागपुरास शंकरराव सप्रे व लाहोरास असद अली खां यांजपाशीं घेतली. तथापि संसारासाठीं त्यांस लष्करी हिशेब खात्यांत कारकुनी पत्करावी लागली. अनेक वर्षें नोकरी सांभाळून त्यांनीं गाण्याची साधना चालूं ठेविली. १९६७ सालीं, वयाचीं ४७ वर्षें उलटल्यावर, ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें त्यांच्या कीर्तीवर कळस चढला. १९८३ सालीं ते निवर्तले.

आपल्या पेणचे मूर्तिकार थोडक्या दिवसांच्या उत्सवासाठीं वर्षभर राबतात. गवयाचेंहि तसेंच आहे. म्हणून पालकांनीं मुलाची गाण्याची आवड खुडूं नये. आणि मुलानेंहि गाण्यापायीं शाळा सोडूं नये. कारकुनीनें वसंतरावांचें घर चालविलें. त्यांचा गळा मात्र तिला बांधतां आला नाहीं.